मत्स्यसंख्या-प्रतिमाने

मत्स्यसंख्या-प्रतिमाने : व्यापारी महत्त्वाच्या माशांची संख्या व त्यांचे एकूण वजन कालमानाने कसे बदलते आणि त्या बदलाची कारणे कोणती, यांची गणिताच्या साहाय्याने केलेली मांडणी म्हणजे मत्स्यसंख्या-प्रतिमान होय. शेतातील पीक किंवा रानातील झाडे प्रत्यक्ष मोजता येतात. पाण्यातील मासे तसे मोजता येत नाहीत. हाती असतो तो केवळ जाळ्यात आलेला माल. त्यावरून पाण्यात उरलेल्या माशांचा अंदाज बांधणे आणि पुढील हंगामात किती मासे काढले असता साठा टिकून राहील हे सांगणे, हा या प्रतिमानांचा हेतू आहे. माशांचा साठा दोन गोष्टींनी वाढतो : लहान माशांची नव्याने पडणारी भर (नवभरती) व जिवंत माशांच्या शरीराची वाढ. तो दोन गोष्टींनी घटतो : नैसर्गिक मृत्यू व मासेमारी. यांपैकी वाढ व नवभरती मुख्यतः अन्नावर अवलंबून असतात, तर नैसर्गिक मृत्यूचे सर्वांत मोठे कारण भक्षण हे असते. तथापि या शास्त्राच्या इतिहासात मासेमारीचा विचार प्रथम व सविस्तर झाला. अन्न व भक्षक यांना प्रतिमानात रास्त स्थान मिळण्यास बराच काळ जावा लागला. या विलंबाचे परिणाम अनेक देशांतील मच्छीमारांना भोगावे लागले.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत समुद्रातील मासे अक्षय आहेत, अशी समजूत रूढ होती. इ. स. १८८३ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मत्स्योद्योग प्रदर्शनात टॉमस हेन्री हक्सली यांनी समुद्रातील मोठे मत्स्योद्योग संपुष्टात येण्यासारखे नाहीत, असे मत मांडले होते. वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलर नौका उत्तर समुद्रात वाढल्यावर पकडलेल्या माशांचा आकार घटू लागला व या मताविषयी शंका निर्माण झाली. १९०२ मध्ये समुद्र-समन्वेषणाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि अनेक देशांची पद्धतशीर निरीक्षणे एकत्र येऊ लागली.

नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात उत्तर यूरोपातील मत्स्योद्योगांच्या चढ-उतारांची कारणमीमांसा केली. खवल्यांवरील वर्तुळांवरून हेरिंग माशांचे वय काढले असता, १९०४ मध्ये जन्मलेली एकच पिढी पुढे अनेक वर्षे जाळ्यांत प्रामुख्याने येत राहिल्याचे त्यांना आढळले. म्हणजे सर्व वर्षांची पैदास सारखी नसते. एखादे वर्ष अतिशय भरघोस असते, तर बाकीची सामान्य. अंड्यातून बाहेर पडलेल्या डिंभाची पीतकाची शिदोरी संपते त्या सुमारास त्याला सूक्ष्म प्लवकांचे अन्न मिळाले तर ती पिढी तगते, न मिळाल्यास तिचा बहुतांश भाग नष्ट होतो, असा यॉर्ट यांचा तर्क होता. अन्नपुरवठ्याला मत्स्यसंख्येच्या विचारात मध्यवर्ती स्थान देणारा हा पहिला महत्त्वाचा सिद्धांत होय. इंग्लंडचे डी. एच. कुशिंग यांनी पुढे त्याचा विस्तार केला. प्लवकांच्या बहराचा काळ व डिंभांच्या जन्माचा काळ यांचा मेळ बसला तर पिढी मोठी होते आणि तो चुकला तर लहान, असे त्यांनी प्रतिपादिले.

भक्ष्य-भक्षक प्रतिमान : भक्षणाचे गणित मांडण्याची प्रेरणाही मासळी बाजारातूनच मिळाली. इटलीचे प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो दांकोना यांनी एड्रिअ‍ॅटिक समुद्रावरील त्रिएस्ते, फ्यूमे (सध्याचे रियेका) व व्हेनिस या बंदरांतील मासळी बाजारांच्या नोंदी तपासल्या. फ्यूमे येथे एकूण मासळीत मुशी, पाकट इ. भक्षक कूर्चामत्स्यांचे प्रमाण १९१४ मध्ये ११·९ टक्के होते. ते १९१५ मध्ये २१·४ व १९१८ मध्ये ३६·४ टक्क्यांपर्यंत चढले आणि १९२३ मध्ये पुन्हा १०·७ टक्क्यांवर आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात मासेमारी मंदावली होती. तीमुळे सर्वच मासे सारख्या प्रमाणात वाढावयास हवे होते; मग केवळ भक्षकांचेच प्रमाण का वाढले, हा प्रश्न दांकोना यांनी गणितज्ञ व्हीतो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवला.

व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये दोन अवकल समीकरणांच्या रूपाने त्याचे उत्तर दिले. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी तशीच समीकरणे १९२५ मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती. भक्ष्य माशांची संख्या स्वतःच्या प्रजननाने वाढते व भक्षकाशी गाठ पडल्याने घटते. भक्षकांची संख्या भक्ष्य मिळाल्याने वाढते व ते न मिळाल्यास घटते. या दोन विधानांतून दोन्ही संख्या एकामागोमाग एक चढत-उतरत राहतात, असा निष्कर्ष निघतो. भक्ष्य व भक्षक या दोहोंना सारख्याच प्रमाणात पकडणारी मर्यादित मासेमारी सुरू झाली, तर भक्ष्याची सरासरी संख्या वाढते व भक्षकाची घटते. मासेमारी थांबल्यास याच्या उलट घडते. फ्यूमेच्या आकड्यांचा उलगडा या नियमाने झाला. एका जातीवर पडणारे जाळे दुसऱ्या जातीचे भवितव्य बदलते, ही गोष्ट यावरून स्पष्ट झाली. या प्रतिमानात भक्ष्याला अन्नाची मर्यादा नाही आणि भक्षकाची भूक कधीच भागत नाही, हे त्याचे दोष होत. सी. एस. हॉलिंग यांनी १९५९ मध्ये दुसरा दोष दूर केला. भक्ष्य कितीही वाढले तरी एक भक्षक ठराविक काळात ठराविक मर्यादेपलीकडे खाऊ शकत नाही, हे त्यांनी समीकरणात आणले.

एकजातीय प्रतिमाने : मत्स्योद्योगाच्या व्यवहारात मात्र दुसरा व सोपा मार्ग स्वीकारला गेला. ई. एस. रसेल यांनी १९३१ मध्ये पुढील हिशोब मांडला : वर्षअखेरचा साठा = वर्षारंभीचा साठा + नवभरती + शरीरवाढ − नैसर्गिक मृत्यू − मासेमारी. मायकेल ग्रॅहॅम यांनी १९३५ मध्ये व एम. बी. शेफर यांनी १९५४ मध्ये त्याला व्हेरहुल्स्ट यांच्या वृद्धिसूत्राची (१८३८) जोड दिली. या सूत्रानुसार पाण्याची धारणक्षमता म्हणजे तेथे जास्तीत जास्त पोसला जाऊ शकणारा साठा ठरलेला असतो आणि साठा त्याच्या निम्म्यावर असताना वार्षिक वाढावा सर्वाधिक असतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. धारणक्षमता १ लक्ष टन व वृद्धिदर ०·४ मानल्यास, साठा ५० हजार टन असताना वार्षिक वाढावा १० हजार टन येतो. साठा २० हजार किंवा ८० हजार टन असताना तो केवळ ६,४०० टन असतो. म्हणून साठा निम्म्यावर ठेवून दरसाल १० हजार टन मासे काढावेत, असा सल्ला निघतो. यालाच अधिकतम टिकाऊ उत्पादन म्हणतात. परंतु अन्न घटून धारणक्षमता ६० हजार टनांवर आली, तर सर्वाधिक वाढावा ६ हजार टनच उरतो. जुन्या सल्ल्याप्रमाणे १० हजार टनांची मासेमारी चालू ठेवल्यास साठा दरवर्षी घटत जाऊन अखेरीस संपुष्टात येतो. सल्ला देणाऱ्याच्या गणितात चूक नसते. जो आकडा स्थिर मानला तो स्थिर नसतो.

आर. जे. एच. बेव्हर्टन व एस. जे. होल्ट यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माशांचे वय, वाढ व मृत्युमान यांवर आधारित अधिक सूक्ष्म प्रतिमान दिले. जाळ्याच्या आसाचा आकार किती असावा, हे त्यावरून ठरविता येऊ लागले. त्यातही नैसर्गिक मृत्युमान बहुधा एका स्थिरांकाने दाखविले जाई. अशा रीतीने अन्नाचा सर्व प्रश्न धारणक्षमतेच्या एका आकड्यात व शत्रूंचा सर्व प्रश्न मृत्युमानाच्या दुसऱ्या आकड्यात सामावला गेला. कॅनडाचे डब्ल्यू. ई. रिकर यांचे १९५४ मधील प्रतिमान काहीसे वेगळे होते. प्रौढ मासे आपलीच अंडी व पिल्ले खात असतील, तर प्रौढांची संख्या फार वाढल्यावर नवभरती वाढण्याऐवजी घटते, हे त्यांनी दाखविले.

पेरूचा अनुभव : स्थिरांक बदलल्यास काय घडते, याचे सर्वांत मोठे उदाहरण पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हेटा या लहान माशाचे होय. तळातून वर येणाऱ्या थंड, पोषणद्रव्ययुक्त पाण्यामुळे तेथे प्लवकांचा सुकाळ असतो. या माशावर किनाऱ्यालगतचे लक्षावधी समुद्रपक्षीही जगतात. शेफर यांनी १९७० मध्ये पक्ष्यांचे भक्षण व मानवाची मासेमारी यांचा एकत्र हिशोब मांडला होता. त्याच वर्षी पेरूमधील पकड सुमारे १·२ कोटी टनांवर गेली. १९७२ मध्ये एल निनोच्या प्रभावाने उष्ण पाणी किनाऱ्याशी आले, अन्न घटले, त्या वर्षीची नवभरती अत्यल्प झाली आणि १९७३ मध्ये पकड २० लक्ष टनांच्याही खाली घसरली. अतिरिक्त मासेमारी व अन्नाचा तुटवडा यांचा परिणाम एकत्र आल्याने हा आघात झाला.

बहुजातीय प्रतिमाने : १९७० नंतर अन्न व भक्षण यांना स्थिरांकांतून बाहेर काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. डेन्मार्कचे के. पी. अँडरसन व ई. उर्सिन यांनी १९७७ मध्ये उत्तर समुद्रातील अनेक जातींचे एकत्रित प्रतिमान प्रसिद्ध केले. कोणता मासा कोणत्या माशाला किती खातो, हे कळल्याशिवाय असे प्रतिमान चालत नाही. म्हणून १९८१ व पुन्हा १९९१ मध्ये उत्तर समुद्रातील भक्षक माशांच्या जठरांतील अन्नाची मोठ्या प्रमाणावर तपासणी करण्यात आली. लहान माशांचे नैसर्गिक मृत्युमान पूर्वी मानलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळच अधिक असते, असे तीतून दिसून आले. बॅरेंट्स समुद्रात १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास कॅपेलिन या लहान माशाचा साठा कोसळला. कॅपेलिनच्या डिंभांचे हेरिंगच्या पिल्लांनी केलेले भक्षण हे त्याचे एक कारण मानले जाते. कॅपेलिनवर पोसणाऱ्या कॉड माशांची वाढ त्यामुळे खुंटली. पुढे कॅपेलिनच्या मासेमारीचा कोटा ठरविताना कॉडला लागणारे अन्न आधी बाजूला ठेवण्याची पद्धत तेथे सुरू झाली.

दुसरा मार्ग जे. जे. पोलोव्हिना यांनी १९८४ मध्ये हवाई बेटांच्या प्रवाळ परिसंस्थेसाठी सुचविला. परिसंस्थेतील सर्व जीवांचे काही गट पाडून, प्रत्येक गटाचे उत्पादन त्याला खाणारे गट, मासेमारी व इतर व्यय यांत कसे वाटले जाते याचा जमाखर्च मांडावयाचा, हे त्याचे तत्त्व होय. ‘इकोपाथ’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या पद्धतीचा डॅनिएल पॉली, व्ही. क्रिस्टेन्सेन व सी. वॉल्टर्स यांनी पुढे विस्तार केला. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कर्नाटकालगतच्या अरबी समुद्रासाठी अशा पद्धतीचे प्रतिमान तयार केले आहे.

भारतातील अभ्यास : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अन्न व मत्स्यसंख्या यांच्या संबंधाचा अभ्यास प्रथम तारली या माशाबाबत झाला. जेम्स हॉर्नेल व एम. आर. नायुडू यांनी १९२३ च्या सुमारास तिचे जीवनवृत्त प्रसिद्ध केले. तारली मुख्यतः करंडक वनस्पती व इतर प्लवकांवर जगते. नैर्ऋत्य मॉन्सूनच्या काळात तळाचे पाणी वर येऊन या वनस्पतींना बहर येतो. आर. व्ही. नायर व आर. सुब्रह्मण्यन् यांनी १९५५ मध्ये फ्रॅजिलॅरिया ओशियानिका या करंडक वनस्पतीची विपुलता ही तारलीच्या विपुलतेची खूण असल्याचे दाखविले. तारलीच्या उत्पादनातील चढ-उतार अलीकडेही तीव्र राहिले आहेत. केरळातील तारलीची पकड २०१२ मध्ये सुमारे ४ लक्ष टन होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांपेक्षाही कमी झाली.

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने देशभरातील मासळी उतरविण्याच्या केंद्रांवर नमुना पद्धतीने नोंदी घेण्याची व्यवस्था उभारली. भारतातील प्रतिमानांचा तोच मुख्य आधार आहे. मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय व १९६१ मध्ये केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था सुरू झाली.

महाराष्ट्राचा किनारा : महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावरील बोंबील (हार्पेडॉन नेहेरियस) हा मासा अन्न व भक्षण यांच्या गुंतागुंतीचे उत्तम उदाहरण आहे. देशातील बोंबलाचे बहुतेक उत्पादन गुजरात व महाराष्ट्र या राज्यांतून येते. सुंदरलाल होरा यांनी १९३४ मध्ये त्याच्या स्थलांतराविषयी, तर एस. व्ही. बापट, एस. के. बॅनर्जी व डी. व्ही. बाळ यांनी १९५१ मध्ये त्याच्या जीवनक्रमाविषयी लेखन केले. बापट यांचा विस्तृत प्रबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. बोंबलाचा जबडा मोठा व दात अणकुचीदार असतात. जवळा व करंदी हे त्याचे प्रमुख अन्न होय. त्याखेरीज तो लहान मासे व स्वतःच्या जातीची पिल्लेही खातो. म्हणजे बोंबील हा एकाच वेळी भक्षक, भक्ष्य व स्वजातिभक्षक असतो. त्याच्यावर समुद्रातील मोठे मासे जगतात.

बोंबील मुख्यतः डोल जाळ्याने पकडतात. हे पिशवीसारखे जाळे खुंट्यांना किंवा नांगरांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात स्थिर ठेवलेले असते. त्याच्या शेपटाकडील आस बारीक असल्याने बोंबलाबरोबर जवळा, करंदी व अनेक जातींची पिल्ले एकाच वेळी त्यात सापडतात. एकाच जाळ्यात खाणारा, त्याचे अन्न व त्याची पुढची पिढी सापडत असल्यामुळे केवळ बोंबलाचा साठा व केवळ बोंबलाची पकड यांचा हिशोब अपुरा ठरतो. जवळ्याची पकड वाढल्यास बोंबलाचे अन्न घटते. घोळ, दाढा, वाम यांसारखे मोठे मासे ट्रॉलरने कमी झाल्यास लहान माशांवरील भक्षणाचा दाब उतरतो. हे परिणाम परस्परविरुद्ध दिशांचे असल्याने, बोंबलाची वार्षिक पकड टिकून राहिली तरी त्यावरून समुद्राची स्थिती पूर्ववत आहे, असे अनुमान काढता येत नाही.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये करण्यात आला. पावसाळी मासेमारी बंदी, जाळ्याच्या आसाचे नियम आणि विशिष्ट लांबीहून लहान मासे पकडण्यावरील निर्बंध हे उपाय मुख्यतः एकजातीय प्रतिमानांतून निघालेले आहेत. पावसाळी बंदीचा लाभ मात्र एका जातीपुरता मर्यादित नसतो. अनेक जातींच्या पैदाशीचा व प्लवकांच्या बहराचा काळ तीत येत असल्याने पिल्लांना अन्नाच्या सुकाळात वाढण्यास उसंत मिळते.

वऱ्हाडातील जलाशय : समुद्रात नवभरती निसर्गाच्या हाती असते. जलाशयात ती बऱ्याच अंशी माणसाच्या हाती असते. म्हणून अन्न व भक्षण यांचे परिणाम तेथे अधिक स्पष्टपणे वेगळे करता येतात. महानुभाव पंथाचे प्रसिद्ध क्षेत्र रिद्धपूर ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. वऱ्हाडातील अशा जलाशयांत व तलावांत कटला, रोहू व मृगळ यांचे मत्स्यबीज सोडून मासेमारी केली जाते. भोई समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका तीवर चालते. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने प्रमुख कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यानंतर मत्स्यबीजासाठी नद्यांवर विसंबून राहण्याची गरज कमी झाली व किती बीज सोडावयाचे हे ठरविणे शक्य झाले.

नव्या धरणात पाणी भरल्यावर बुडालेली माती व वनस्पती यांतून पोषणद्रव्ये मोकळी होतात. पहिली काही वर्षे प्लवक व तळातील जीव विपुल होतात आणि मासे झपाट्याने वाढतात. हा साठा सरला की उत्पादन उतरते व पुढे खालच्या पातळीवर स्थिरावते. पहिल्या वर्षांच्या आकड्यांवरून जलाशयाची धारणक्षमता ठरविल्यास ती फाजील येते. तीन कार्पांची निवडही अन्नावर आधारलेली आहे : कटला पृष्ठभागाजवळील प्राणिप्लवक खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळातील कुजका भाग खातो. त्यामुळे त्यांच्यात अन्नासाठी स्पर्धा कमी होते.

भक्षणाची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मरळ, शिवडा व शिंगाडा हे जलाशयांतील भक्षक मासे होत. भक्षकाच्या जबड्याची फाक जेवढी, तेवढ्याच आकाराचे भक्ष्य त्याला गिळता येते. यामुळे मोठ्या जलाशयांत मत्स्यजिरे न सोडता सुमारे १० सेंमी. लांबीची बोटुकली सोडावी, अशी शिफारस करण्यात येते. संख्येने अधिक पण आकाराने लहान बीज सोडणे स्वस्त दिसते. प्रत्यक्षात त्यातील बराचसा भाग भक्षकांचे अन्न होतो. व्ही. व्ही. सुगुणन यांनी १९९५ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार भारतातील लहान जलाशयांचे सरासरी उत्पादन हेक्टरी ४९·९ किग्रॅ., मध्यम जलाशयांचे १२·३ किग्रॅ. व मोठ्या जलाशयांचे ११·४३ किग्रॅ. होते. लहान जलाशयांत सोडलेले बीज बऱ्याच अंशी परत हाती येते. मोठ्या जलाशयांत ते विखुरते व भक्षकांच्या तोंडी पडते, हे या तफावतीचे एक कारण होय.

मर्यादा व उपयोग : प्रतिमान जितके सर्वसमावेशक, तितके त्यातील अज्ञात आकडे अधिक. बहुजातीय प्रतिमानाला प्रत्येक जातीच्या आहाराची, वाढीची व मृत्युमानाची माहिती लागते. उष्ण कटिबंधातील समुद्रात एकाच जाळ्यात अनेक जाती येत असल्याने ती मिळविणे कष्टाचे असते. याउलट एकजातीय प्रतिमान थोड्या माहितीवर चालते, परंतु परिस्थिती बदलताच फसवे ठरते. म्हणून व्यवहारात दोन्हींचा उपयोग केला जातो : जाळ्याचा आस व माशाची किमान लांबी एकजातीय प्रतिमानावरून ठरवितात, तर एका जातीच्या मासेमारीचा दुसऱ्या जातीवर होणारा परिणाम अन्नजालाच्या प्रतिमानावरून अजमावतात. दोन्ही प्रतिमानांची विश्वासार्हता अखेरीस बंदरावर व जलाशयाच्या काठावर घेतलेल्या नोंदींच्या अचूकतेवर अवलंबून असते. दांकोना यांना युद्धपूर्व व युद्धकालीन बाजाराच्या नोंदी मिळाल्या नसत्या, तर व्होल्तेरा यांच्यापुढे प्रश्नच उभा राहिला नसता. पकडलेल्या प्रत्येक जातीची स्वतंत्र नोंद ठेवणे आणि तिच्या अन्नाचे व शत्रूंचे नियमित निरीक्षण करणे हा या शास्त्राचा पाया आहे.